रामकिंकर बैज संथाळ नव्हते

'शांतिनिकेतनचा संथाळ कलावंत. कुणाकडेही न शिकलेला, टागोरांना न जुमानणारा, इतका वेडा की स्वतःची चित्रं छपरावर टाकली.' शिल्पकार-चित्रकार रामकिंकर बैज यांच्याबद्दलचा हा मजकूर हौसेनं पुढे ढकलला जातो. सोबत 'संथाळ कुटुंब' या शिल्पाचा फोटो असतोच. घोटाळा बहुधा तिथूनच सुरू होतो.

रामकिंकर १९०६ साली बंगालमधल्या बांकुडा इथे जन्मले, ते परामाणिक म्हणजे नाभिक कुटुंबात. घरी गरिबी होती, पण ते संथाळ आदिवासी नव्हते. आता एवढ्यानं काय बिघडतं? बिघडतं. त्यांना संथाळ ठरवलं की १९३८ चं ते शिल्प म्हणजे 'आपल्या माणसांचं चित्रण' एवढंच उरतं. पुतळे देवांचे, राजांचे किंवा पुढाऱ्यांचे व्हायचे त्या काळात या माणसानं कावडीत मूल घेऊन निघालेला मजूर, त्याची बायको आणि कुत्रा माणसापेक्षा मोठ्या आकारात उभे केले. ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून सिमेंटमध्ये जांभ्याची लाल खडी कालवून. ही निवड होती. जातीनं आपोआप हाती दिलेला विषय नव्हे.

'कुणाकडेही न शिकलेला' हेही खोटं. असहकार चळवळीत पुढाऱ्यांची चित्रं रंगवणाऱ्या या पोराला संपादक रामानंद चटर्जींनी हेरलं आणि १९२५ मध्ये ते कलाभवनात, म्हणजे शांतिनिकेतनच्या कलाशाळेत, चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली आले. हं, एक गोष्ट मात्र मान्य. तिथे तैलरंगांना फारसा मान नव्हता आणि रामकिंकरांनी ते आपल्या हिमतीवर हाताळले. बंड म्हणायचं तर ते हे.

टागोरांचं म्हणाल तर उलटंच आहे. 'सुजाता' हे शिल्प घडवल्यावर गुरुदेवांचं, म्हणजे टागोरांचं, बोलावणं आलं तेव्हा रामकिंकर घाबरत गेले. तर त्यांना सांगण्यात आलं, सगळा आश्रम अशा मूर्तींनी भरून टाक. हे रामकिंकरच सांगत. विरोध झाला, पण तो दुसरीकडे: दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातल्या त्यांच्या यक्षीच्या शिल्पाच्या नग्नतेवरून थेट राज्यसभेत प्रश्न विचारला गेला. तिचा आधार मात्र प्राचीन यक्षीमूर्तींचाच होता! (प्रश्नकर्त्यांनी एखादं वस्तुसंग्रहालय पाहिलं असतं तर बरं झालं असतं.)

राहिलं छप्पर. चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी १९७५ मध्ये रामकिंकरांवर चित्रण केलं, तो माहितीपट अपुराच राहिला. त्यात हा किस्सा आहे, आणि त्यात वेडेपणा शोधून सापडत नाही. पावसात घर गळत होतं, शाकारायला पैसे नव्हते. तैलरंगाच्या कॅनव्हासातून पाणी झिरपत नाही, म्हणून चित्रं वर लावली. पद्मभूषण मिळून तेव्हा पाच वर्षं झाली होती.