कॅरव्हान, घाट आणि सहा ‘युक्त्या’: एक प्रतिवाद

राज्याचे कॅरव्हान पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाड्या भाड्याने घेऊन सह्याद्री पाहण्याची हौस हळूहळू वाढू लागली. त्या हौशीच्या मागोमाग एक संदेशही मोबाइलवरून फिरू लागला आहे. घाटात मोठी गाडी चालवणे अवघड असते हा निव्वळ बाऊ आहे, असे तो सांगतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, ब्रेकवर सतत हलका पाय ठेवावा आणि ब्रेक तापलेच तर पाणी ओतावे, पाण्याच्या टाक्या भरून गाडी जड करावी, वळणावर आतल्या कडेला चिकटून राहावे, समोरून कोणी आल्यास मोठ्या गाडीने थांबू नये आणि शक्यतो रात्री घाट उतरावा, या सहा युक्त्या पाळल्या की कारचे लायसन्स असलेला कोणीही कोणताही घाट उतरवू शकतो, असा त्याचा एकूण दावा आहे. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. मात्र त्याने डिझेलचा हिशेब केला आणि उष्णतेचा केला नाही, आणि बहुतेक चुका तिथूनच निघाल्या आहेत.

तो हिशेब आधी मांडतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे ४० किलोमीटरच्या अंतरात गाडी १२०० मीटरहून अधिक खाली येते. प्रवासी, सामान आणि पाणी धरून ५ टन वजनाची कॅरव्हान एवढी खाली आली, तर वाटेत जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यावर साधारण १८० लिटर पाण्याला उकळी फुटेल. टायरांचे घर्षण आणि हवेचा अवरोध यांनी त्यातला ४० टक्के वाटा उचलला असे उदारपणे धरले, तरी उरलेली ऊर्जा म्हणजे हीच गाडी ताशी ३० किलोमीटर वेगातून २०० वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. ही ऊर्जा इंजिनात जिरवायची की चाकांजवळच्या काही किलो लोखंडात, एवढाच पर्याय चालकाच्या हाती असतो.

न्यूट्रलची युक्ती त्यातला पहिला पर्याय काढून घेते आणि सगळा भार ब्रेकवर टाकते. बदल्यात डिझेल वाचते म्हणावे, तर तेही वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचे इंजिन गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा तोडते. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी ते डिझेल पिते. म्हणजे ज्या बचतीसाठी हा धोका पत्करायचा, ती बचत आजच्या गाड्यांत मुळात होतच नाही. कोणी याहून पुढे जाऊन इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. याहून वाईट गोष्ट म्हणजे परतीचा रस्ता बंद होतो. मोकळी सोडलेली गाडी ताशी ६० च्या वेगाला पोहोचल्यावर चालक घाबरून दुसरा गिअर शोधतो आणि तो पडत नाही, कारण त्या वेगाला तो गिअर घेणे यंत्रणेला शक्यच नसते. वेग गिअरने आवरायचा असेल तर तो घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्यापूर्वी निवडावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. आजची ताकदवान इंजिने चढ वरच्या गिअरमध्येही ओढून नेतात, म्हणून त्या नियमातही एक गिअर खालचाच घ्यावा, असे मी म्हणेन. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारी सोय, असेल तर तो याच कामासाठी दिलेला असतो, हेही भाड्याची गाडी ताब्यात घेताना विचारून घ्यावे.

दुसऱ्या युक्तीबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा अशी गाडी घेऊन आंबेनळी उतरलो तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये राहून ब्रेकवर अलगद पाय ठेवण्याला मी सावधपणा समजत होतो. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर केबिनमध्ये वास येऊ लागला. जळक्या कापडासारखा, किंचित आंबूस असा तो वास होता. आम्ही मागच्या शेगडीवर संशय घेतला. पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा चार बोटे खाली गेले आणि मऊ लागले, तेव्हा लक्षात आले की वास लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या अस्तराचा होता. रुंद जागा पाहून थांबलो. चाकाच्या रिमपासून वीतभर अंतरावर हाताची मागची बाजू धरली, तरी ती तिथे ठेववत नव्हती.

पाय हलका असला म्हणून उष्णता कमी तयार होते असे नाही. वेग तोच राखायचा असेल तर जिरवायची ऊर्जा तीच असते, आणि सतत घासत राहिलेल्या ब्रेकला निवायला उसंत मिळत नाही. लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड घटते. त्याशिवाय द्रवावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलला उकळी फुटू शकते. मग पायाचा दाब वाफेचे बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल मऊ पडते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तसे ओलावलेले तेल १४० अंशांनाही उकळू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हंगामात चार फेऱ्या करून उरलेले वर्ष कोकणच्या नाहीतर मुंबईच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या कॅरव्हानच्या बाबतीत हा फरक कागदावरचा राहत नाही. तेल शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न तिच्या मालकाला विचारलाच पाहिजे. मोठ्या चासीवरच्या गाड्यांना हवेचे ब्रेक असतात, त्यांत तेल उकळण्याचा प्रश्न नाही, पण चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो आणि वारंवार पेडल मारल्याने टाकीतली हवा उतरते. खालच्या गिअरमध्ये राहावे, वेग ठरवलेल्या मर्यादेवर गेला की ब्रेक ठामपणे दाबून तो ताशी आठ-दहा किलोमीटरने उतरवावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा, ही रीत त्यामुळेच सांगितली जाते. पाण्याविषयी एका वाक्यात सांगायचे तर, रसरसलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी ओतले की त्याला तडे जाण्याचा धोका असतो. तो उघड्या हवेवर निवू द्यावा आणि त्याला अर्धा तास लागला तर लागू द्यावा.

जड गाडी रस्त्याला घट्ट धरते, ही तिसरी युक्ती ऐकायला पटते. वजन वाढले की टायरची पकड वाढते हे खरेच आहे, पण जेवढी पकड वाढते तेवढीच गाडी रोखायला लागणारी ताकदही वाढते, त्यामुळे हातात काही उरत नाही. उष्णता मात्र नक्की वाढते. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि ते घाट उतरवण्यासाठी वाहून नेण्याचे काही कारण नाही, कारण पाणी पोलादपुरातही मिळते. या समजुतीचा उगम कदाचित वेगळ्या, खऱ्या अनुभवात असावा. अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते आणि गाडी झोकांडी खाल्ल्यासारखी वाटते. भरलेल्या टाकीत ते जाणवत नाही. पण मग रिकामी टाकीही डचमळत नाही.

आता वळणे. आतल्या कडेला चिकटून राहा, हा सल्ला छोट्या गाडीच्या चालकाचा आहे. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आत कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत ४ मीटर अंतर असलेली गाडी ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर घेतली, तर मागची चाके सुमारे १ मीटर आत सरकतात. सह्याद्रीतल्या घाटांत डोंगराच्या अंगाला बहुधा गटार असते, पावसाळ्यात ते गवताने झाकलेले असते, आणि पुढचे चाक कडेला लावणाऱ्याचे मागचे चाक नेमके त्यातच उतरते. शिवाय मागच्या चाकांपलीकडे दीड-दोन मीटर लोंबणारा गाडीचा भाग वळणाच्या सुरुवातीला उलट्या दिशेने वीतभर बाहेर फिरतो. तिथे दुचाकी किंवा कठडा असेल तर तो आरशात वेळेवर दिसतही नाही. म्हणून वळणाचे तोंड रुंद ठेवून, पुढचे टोक थोडे अधिक पुढे जाऊ देऊन, मग चाक फिरवावे लागते, आणि त्यासाठी समोरून कोणी येत नाही याची खात्री आधी करावी लागते. सोबत बसलेल्याने खाली उतरून वळणापलीकडे पाहून येण्यात कसलाही कमीपणा नाही; ट्रकवरचा क्लीनर हेच काम करतो. तीन मीटर उंचीच्या गाडीसाठी वर पाहणेही तितकेच गरजेचे, कारण रस्त्यावर झुकलेल्या फांद्या एसटीच्या छताच्या बेताने तुटलेल्या असतात, तुमच्या छतावरच्या वातानुकूलन यंत्राच्या बेताने नव्हे.

पाचवी युक्ती उद्धटपणाची आहे आणि कायद्याच्याही विरुद्ध आहे. दोन गाड्या सुरक्षितपणे एकमेकींना ओलांडू शकणार नाहीत अशा अरुंद चढउताराच्या रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, असा नियम आपल्याकडे पूर्वीपासून आहे आणि २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही तो कायम आहे. त्यात गाडीच्या आकाराचा संबंध नाही. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलताना क्लच जाळावा लागतो आणि ती मागे सरकण्याचा धोका असतो, असे त्यामागचे साधे कारण आहे. जड कॅरव्हान उलटी चढावर मागे घेतानाही क्लच जळतोच, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उतरताना खालची वळणे दिसतील तिथून समोरच्या गाड्या हेरून, रुंद जागेवर आधीच थांबणे शहाणपणाचे ठरते. याच संदर्भात रस्त्याच्या निवडीविषयीही बोलायला हवे, कारण नकाशा जवळची वाट दाखवतो, तिची रुंदी दाखवत नाही. भोरहून महाडला जाणारा वरंध घाट अंतराने सोयीचा दिसतो, पण तो अरुंद आहे, पावसाळ्यात दरडींमुळे प्रशासनाने तो अनेकदा बंद ठेवला आहे, आणि लांब गाडीसाठी ताम्हिणीमार्गे माणगावला उतरणे अधिक बरे.

लायसन्सच्या मुद्द्यावर संदेश कायद्याने फारसा चुकत नाही. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर गाडी हलक्या वाहनांच्या वर्गात येते, आणि त्या वर्गाच्या लायसन्सवर त्या मर्यादेतले वाहतुकीचे वाहनही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण ते लायसन्स देताना कोणी तुम्हाला सात मीटरची गाडी वळणावर मागे घ्यायला लावलेली नसते. घाटात शिरण्यापूर्वी मोकळ्या मैदानात दोन तास ते करून पाहावे.

राहिला रात्रीचा प्रश्न. रात्री समोरच्या गाडीचा उजेड वळणाआधी दिसतो, रहदारीही कमी असते, हे मान्य. परंतु बंद पडलेला, दिवे नसलेला ट्रक दिसत नाही, खचलेली साइडपट्टी दिसत नाही, आणि पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात स्वतःच्याच दिव्यांचा उजेड परत डोळ्यांवर येतो. शिवाय रात्री घाट उतरण्याची गरज असते ती मुक्कामाला पोहोचायचे असलेल्यांना. कॅरव्हानमध्ये अंथरूण आहे, शेगडी आहे, आणि संदेशाचे ऐकून टाक्या भरल्या असतील तर सकाळच्या चहापुरते पाणीही माथ्यावरच आहे.