दिसला काय?

सकाळी चहा गाळत होते आणि फोन टुणटुणला. नागपूरच्या काकांचा व्हिडिओ, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. खाली ओळ: ‘ताई, तुमचा हुकला ना, म्हणून पुन्हा पाठवून राहिलो.’

हुकला नाही हो. हुकवला. कोणी, तेच सांगते.

मुलगी सॅन होजेला असते. तिनं आणि जावयानं आम्हाला हवाईच्या बिग आयलंडवर नेलं, कोनाला. तिथे रात्री नावेतून नेऊन समुद्रात सोडतात, प्रवाळांवर तरंगत मांटा रे बघायला. पंख पसरले की तीन-साडेतीन मीटरचा मासा. नांगी नाही, खातो फक्त प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. माझा पोहण्याचा अनुभव म्हणजे ठाण्यातली महिला बॅच, चार फूट पाणी आणि तासभर गप्पा. आमचे हे तर नावेतच बसले. बॅगांजवळ कोणीतरी हवं, म्हणाले. प्रशांत महासागरात बॅगा कोण पळवणार होतं देव जाणे.

नावेवर चढल्या चढल्या माझं तोंड धुवायला लावलं. ‘सनस्क्रीन विसरू नकोस’ हे लेकीनं सकाळी सांगितलेलं मी मनावर घेऊन संध्याकाळीही चोपडून आले होते. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला २०२१पासून बंदी आहे, प्रवाळांना बाधतात म्हणून. माझी ट्यूब ठाण्याची, तिच्यात दोन्ही. गाइड मुलगी गोड हसून एवढंच म्हणाली की आता ऊनही नाहीये. ती गोड हसली नसती तर चाललं असतं.

मग वेटसूट. लोडाला उशीचा अभ्रा चढवावा तसा तो मला चढवला जात असताना मी ‘अगं आई गं’ म्हणाले आणि मागून आवाज आला, “मराठी आहे काय तुम्ही?”

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुलगा सिएटलला. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी स्वतःची कुंडली मांडली. “पेंचले नऊ वेळा गेलो, ताडोबाले चार वेळा. वाघ नाही दिसला बाप्पा एकदाही! आपण ज्या जिप्सीत बसतो ना, त्या जिप्सीले वाघ येतच नाही. आता तं लोक आधी इचारतेत, काका कोणत्या गाडीत आहे? अन् दुसरी गाडी घेतेत.”

हे ते हसत हसत सांगत होते. मीही दुसरी नाव घेतली असती, पण आमची सुटली होती.

पाण्यात एका फळीची कड धरून आडवं पडायचं, घोट्यांखाली फोमचा नळा, डोळ्यांवर पाण्यातला चष्मा, श्वासासाठी तोंडात नळी, आणि तोंड पाण्यात. फळीच्या पोटाला झगझगीत दिवे. उजेडाला प्लवक जमतात, प्लवक खायला मांटा येतो. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलानं पाहुण्यांना समुद्र दिसावा म्हणून पाण्यावर झोत टाकले, तेव्हापासून म्हणे मांटांना ही सवय लागली. आमच्या बाल्कनीत दर जूनमध्ये हेच होतं. ट्यूबलाइटला किडे, किड्यांना पाली. त्याचे आम्ही कधी कोणाकडून डॉलर घेतले नाहीत.

खाली निळसर झोतात प्लवकांची नुसती धूळ वर येत होती. पाठीवर काळोख, पोटाखाली उजेड. खरं सांगते, छान वाटत होतं. तेवढ्यात शेजारचं डोकं वर आलं.

“दिसला काय?”

मी नळी काढली. “नाही हो.” एक घोट खारं पाणी.

दोन मिनिटांनी पुन्हा. “दिसला काय?” पुन्हा घोट. “हात नका लावू म्हणते ती पोरगी. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असते म्हणे, तो निघून जाते.” मी मान हलवली. मान हलवल्यावर चष्म्यात पाणी.

आता कोणी म्हणेल, उत्तर द्यायचं नाही. कसं नाही द्यायचं? वडीलधाऱ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं, हे आमच्या आईनं धपाटे घालून शिकवलंय. पलीकडची गोरी जोडपी ओंडक्यासारखी निवांत पडली होती. त्यांना कोणी काका नव्हते.

पाऊण तास मांटाचा पत्ता नाही. मला पेंचच्या त्या जिप्सीतल्या लोकांचे चेहरे दिसायला लागले. डोकं पुन्हा वर.

“ठाण्यात टू बीएचके काय भावानं चालू आहे? पुतण्याले घ्यायचा आहे.”

मी नळी काढली. “म्हणजे आत की घोडबंदरला?”

आणि त्याच क्षणी सगळ्या नळ्यांतून एकदम ‘हूऽऽऽ’ असा आवाज निघाला. काकांनी तोंड पाण्यात घातलं. मी नळी तोंडात कोंबेपर्यंत, चष्म्यातलं पाणी काढेपर्यंत, निसटलेला फोमचा नळा शोधेपर्यंत सगळं संपलं होतं. मला दिसलं एक शेपूट. अंधारात जाणारं. दोरीही असू शकेल.

परतताना काकांनी गरम कोको पीत मला, होय मलाच, मांटा समजावून सांगितला. दोन्ही हात पसरून, शेजारच्या बाईचा कप सांडत. “अस्सा खालून आला, हे एवढालं तोंड, अन् माह्या नाकासमोर कोलांटी मारली पाहा! पोटावर ठिपके. त्या ठिपक्यांवरूनच वळखतेत म्हणे कोणता कोण ते.” मग डोळे मिटून, “आता पेंचले बी दिसन.”

मांटा दिसला नाही तर पुन्हा फुकट नेतात, अशी अट होती. मी विचारलं. दिसला की, म्हणाले, सगळ्यांना दिसला. लेक कानात म्हणाली, “आई, जाऊ दे ना.” दीडशेच्या आसपास डॉलर, माणशी. ती कमावते, तिला जाऊ देता येतं.

आज व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. गाइडनं पाण्याखालून काढलेला. मांटा खरंच सुंदर आहे, पांढरं पोट, सावकाश उलटणारा. आणि उजव्या कोपऱ्यात सरळ खाली लोंबणारे, सायकल मारणारे दोन पाय. ओळख पटायला जोडवी पुरेशी होती. काकांनी हा आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय, असंही खाली लिहिलंय.

मी बराच वेळ टाइप करून खोडलं. शेवटी पाठवलं: ‘घोडबंदरला बघा. आत परवडणार नाही.’

लगेच अंगठा आला.