मानांकन नावाला मिळाले, घडणीचे काय?

भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या वस्तूला तिच्या नावासाठी मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले की कारागिराचा हक्क सुरक्षित झाला, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटत नाही. कोल्हापुरी चपलेला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी, 2019 मध्येच मानांकन मिळाले होते. तरीही जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच धाटणीच्या चपला आणल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख नव्हता आणि टीका झाल्यावरच कंपनीने प्रेरणास्थान मान्य केले. याचे कारण कायद्यातच आहे. भौगोलिक मानांकनाविषयीच्या 1999 च्या अधिनियमाचे संरक्षण मुख्यतः नावाला आहे, घडणीला नाही, आणि तेही भारताच्या हद्दीपुरतेच. मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै 2025 मध्ये याविषयीची जनहित याचिका फेटाळताना, दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी, म्हणजे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी, मागावी, अशी भूमिका घेतली. म्हणूनच परदेशातील नोंदणी आणि प्रत्येक कारागिराची अधिकृत वापरकर्ता (मानांकनाचे नाव वापरण्याचा हक्क असलेला) म्हणून नोंद, ही याच महामंडळांची तातडीची कामे आहेत, असे मी आग्रहाने म्हणेन. चामडे कमावण्यापासून वेणी गुंफण्यापर्यंत ज्यांचे हात राबतात, त्यांचीच नावे नोंदवहीत नसतील तर निर्यातीतला वाटा त्यांच्या घरी पोहोचणार कसा?