रुमाल आणि मफलर

व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात एका वयोवृद्ध गृहस्थाने जागा धरायला कठड्यावर ठेवलेला माझा रुमाल उचलला, त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घातली आणि तो अत्यंत सौजन्याने माझ्या हातात ठेवला. कोल्हापुरात परतल्यापासून ज्याला ज्याला मी ही हकीकत सांगू लागलो, त्या प्रत्येकाने ती मध्येच तोडून तिथल्या राजवाड्यांचे फोटो मागितले, हेही मला त्या सौजन्याइतकेच लागले आहे. ‘रुमाल उचलला म्हणजे काय?’ असे संतापून विचारणारा एकही माणूस मला या शहरात अद्याप भेटलेला नाही.

आमचा मंगळवार पेठेतला एक मित्र नोकरीच्या निमित्ताने व्हिएन्नाला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या आग्रहाखातर शनिवार-रविवारला रजा जोडून मी निघालो. व्हिसासाठी माझ्या बँकेच्या खात्याचा उतारा पाहिला गेला, 30,000 युरोंचा विमा काढायला लावला, परतीचे तिकीट मागितले. रुमालाविषयी मात्र कोणीही काहीही विचारले नाही. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा संध्याकाळी ऑपेरा पाहायचा असे मित्राने परस्पर ठरवून टाकले. खुर्चीचे तिकीट परवडण्यातले नव्हते, पण या ऑपेरागृहात उभ्याने पाहणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे असतात आणि त्यातली तळमजल्यावरची जागा तर पूर्वीच्या बादशाही सज्जाच्या बरोबर खाली येते, म्हणजे बादशहाला दिसे तेच आपल्याला थोड्याशा युरोंत दिसते. फक्त बादशहा बसत असे.

आत गेल्यावर मधोमध कठड्याजवळची जागा मिळाली. कठड्यावर भाषांतर वाचण्यासाठी चिमुकला पडदा असतो. त्याच्याशेजारी मी माझा पांढरा, इस्त्रीचा, महाद्वार रोडवर घेतलेला रुमाल ठेवला आणि मित्राबरोबर तो प्रसिद्ध जिना पाहायला निश्चिंत मनाने बाहेर पडलो.

ही निश्चिंती कुठून येते, हे कोल्हापूरच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गारगोटीची एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, दप्तर आणि प्रसंगी एखादे लहान मूल आत सोडले जाते, आणि त्यानंतर जागेचा मालक चहा पिऊन सावकाश आला तरी चालते. कोणी बसलेच, तर ‘रुमाल टाकलाय न्हवं!’ एवढे तीन शब्द पुरतात आणि बसलेला माणूस कुरकुरत का होईना, उठतो. न उठल्यास मागच्या बाकावरून अनोळखी माणसे त्या रुमालाची बाजू घेतात. या कायद्याला कोणत्याही विधिमंडळाने मंजुरी दिलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच तो पाळला जातो.

आम्ही परत आलो तेव्हा माझ्या जागी करड्या लोकरीचा एक मफलर कठड्याला दुहेरी गाठ मारून बांधलेला होता आणि त्याच्यामागे एक गृहस्थ उभे होते. कोपरांवर चामड्याची ठिगळे लावलेला जुना कोट, बगलेत संगीताच्या स्वरलिपीचे जाडजूड पुस्तक, आणि पिढ्यान्पिढ्या याच चौकोनात उभ्या असलेल्या घराण्याचा चेहरा. माझा रुमाल त्यांच्या हातात होता.

“हा आपला असावा,” ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. “हा इथे पडला होता.”

“पडला नव्हता, ठेवला होता,” मी म्हणालो.

“बांधलेला नव्हता.”

“आमच्याकडे बांधत नाहीत. टाकतात.”

या उत्तराने ते दुखावले नाहीत, उलट त्यांना ते फारच विचार करण्याजोगे वाटले. त्यांनी पुस्तक कठड्यावर टेकवले आणि मला समजावून सांगायला घेतले, की बांधलेल्या वस्तूमागे बांधणाऱ्याचा हेतू असतो. नुसत्या पडलेल्या वस्तूमागे फक्त विसर असतो. विसरलेली वस्तू वास्तविक कोट सांभाळणाऱ्या बाईंकडे जमा करायला हवी, पण आपण परदेशी पाहुणे दिसता म्हणून मी ती स्वतः सांभाळली. शिवाय, आणि येथे त्यांनी आवाज खाली आणला, ही वस्तू नाक पुसण्यासाठी असते आणि या कठड्यावर लोक हात ठेवतात.

“हा आजच काढलेला आहे, याने कोणाचेही नाक पुसलेले नाही,” मी जरा मोठ्याने म्हणालो. आजूबाजूच्या सर्व मफलरांचे मालक माझ्या नाकाकडे पाहू लागले.

“मला खात्री आहे,” ते म्हणाले. “पण ते रुमाल पाहून कळत नाही.”

मी मित्राकडे पाहिले. ज्या मुलाने शाळेच्या सहलीला माझ्या रुमालाच्या जोरावर खिडकी मिळवली होती, तो जर्मनमध्ये त्या गृहस्थांची माफी मागत होता. “गप की रं भावा, इथं असंच असतंय,” तो माझ्या कानात म्हणाला, “तुला मफलर आण म्हणून सांगितलं हुतं न्हवं?” त्याने सांगितले होते, हे खरे, पण ते थंडीच्या संदर्भात सांगितले होते, आणि मफलर हा स्थावर मालमत्तेचा दस्तऐवज आहे याचा त्या फोनवर उच्चारही झाला नव्हता. अखेर आम्हाला खांबाजवळची जागा मिळाली, तीही त्यांच्याच डाव्या कुशीला.

ऑपेरा जर्मन होता आणि चार तासांहून मोठा होता. एवढ्या वेळात एकदा मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला तेव्हा माझा गुडघा वाजला. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले नाही, गुडघ्याकडे पाहिले. स्वतः मात्र ते मिट्ट काळोखात त्या पुस्तकाची पाने उलटत होते, ज्यातले एक अक्षरही त्यांना दिसणे शक्य नव्हते, आणि त्या पानांच्या आवाजाला बहुधा परंपरेचे संरक्षण असावे.

मध्यंतरात त्यांना माझ्याविषयी सहानुभूती उत्पन्न झाली, हे त्याहून वाईट. 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात हे सभागृह आणि रंगमंच कसे जळाले, 5 नोव्हेंबर 1955 रोजी ते पुन्हा कसे उघडले, हे त्यांनी मला सविस्तर सांगितले आणि मग विचारले, “आपल्या गावात असे काही आहे का?”

आता या प्रश्नाचे उत्तर देताना मला बोलायला फार आवडले असते. 1902 साली युरोप पाहून आलेल्या शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले आणि त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. पुढे त्याला याच मातीतल्या गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. एका भिंतीच्या अलीकडे गाणे आणि पलीकडे कुस्ती, अशी सोय व्हिएन्नाच्या कोणत्याही बादशहाला सुचली नव्हती. पण 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते नाट्यगृह आगीत गेले. तिथे बॉम्ब पडला नव्हता, कोणाशी युद्ध चालू नव्हते. मी एवढेच म्हणालो, “होते. जळाले.”

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “दहा वर्षे लागतात,” ते म्हणाले.

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणी शहरात पोहोचेपर्यंत ज्याने वाट पाहिली आहे, त्याला दहा वर्षांचा धाक घालण्यात अर्थ नव्हता. तरीही मला राग आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे तिथे उभ्या उभ्या ठरेना, कारण जवळ होते ते एकटेच होते आणि नेमके त्यांनीच काही जाळलेले नव्हते.

शेवटी पडदा पडला, गायक पुढे आले आणि टाळ्या सुरू झाल्या. मुख्य गायक वाकून नमस्कार करू लागताच, चार तास माझ्या गुडघ्यालाही बोलू न देणारे हे गृहस्थ दोन्ही हातांचा कर्णा करून “बूऽऽ” असे ओरडले. त्या गायकाचे काय चुकले होते, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या क्षणी तो मला माझ्या पेठेतला वाटला, आणि खासबागेत शेवटच्या पायरीवरून पैलवानाला ऐकू जावी अशी आरोळी मी ठोकली, “वन्स मोअर!”

मित्र पाठमोरा होऊन जिन्याकडे चालू लागला. गृहस्थांनी गाठ सोडता सोडता घड्याळ पाहिले, माझ्याकडे वळले आणि मनापासून विचारले, “संपूर्ण, की फक्त तिसरा अंक?”