अकरा खिळे
सांगलीत संध्याकाळी विश्रामबागेकडं पाय मोकळे करायला निघावं, तर पाय ठेवायचा कुठं? फुटपाथवर आडव्यातिडव्या गाड्या, उरलेल्या जागेत भडंगवाला (त्याला माफ, पुडी मीही घेतो). पण झाडांनी कुणाचं काय घोडं मारलंय? परवा एकाच खोडात मोजले, अकरा खिळे! वर गॉगलवाले 'भाऊ', खाली शुभेच्छुकांची पंचवीस मुंडकी. बुंध्याला पेव्हर ब्लॉक गळ्याशी आवळलेले. पाणी मुरणार कुठनं? मग वळवात फांदी पडली की झाडच धोकादायक, आणा करवत! १८४३ साली मराठी नाटक इथं उभं राहिलं म्हणून नाट्यपंढरी म्हणवतो आपण. आणि नाटकाचा बोर्ड कुठं? भाऊंच्या फ्लेक्समागं. आज बघितलं, तर बारावा ठोकलाय.