फरार आहे म्हणून अपील वाचायचंच नाही?

माझी एक अशील आहे, गडचिरोली जिल्ह्यातली. मोहाच्या दारूची केस. पाच लिटरची प्लास्टिक डबकी (छोटा कॅन) घरामागे सापडली म्हणून खालच्या कोर्टात शिक्षा झाली. आम्ही अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीन झाला. पुढे जानेवारी लागला आणि गावातल्या निम्म्या घरांसारखी तीही मिरची तोडायला तेलंगणात गेली. दोन तारखा चुकल्या. वॉरंट निघालं. शिपाई घरी जाऊन आला आणि त्यावर शेरा पडला, 'मिळून आली नाही'. तिसऱ्या तारखेला अपील फेटाळलं. आदेश चार ओळींचा. दोन्ही पंच फितूर झाले होते, जप्त मालाच्या सीलबद्दल साक्षीत एक आणि पंचनाम्यात दुसरंच होतं. त्यातलं एक अक्षर त्या चार ओळींत नाही.

मी दारूबंदीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती इथल्या बायकांनी भांडून मिळवलेली आहे, याचा मला अभिमान आहे. पण शिक्षा बरोबर होती की चूक, हे तपासायला अपील असतं. माणूस हजर नाही म्हणून पुरावा खरा ठरत नाही. जामिनाची अट मोडली तर जामीन रद्द करा, जामीनदाराकडून रक्कम वसूल करा, पकडून आणा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि कायदाही हेच सांगतो. बनी सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच म्हटलंय की आरोपी किंवा वकील आला नाही म्हणून फौजदारी अपील तसंच निकाली काढता येत नाही, रेकॉर्ड पाहून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो. जुलै 2022 मध्ये बिहारच्या धनंजय राय प्रकरणात तर प्रश्न थेट फरार आरोपीचाच होता. पाटणा उच्च न्यायालयाने तो फरार म्हणून अपील फेटाळलं होतं. आपले ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती सुंदरेश यांनी तो आदेश रद्द करून अपील परत ऐकायला पाठवलं. ते प्रकरण खुनाचं होतं. खुनातल्या फरारीला जे मिळतं, ते पाच लिटर दारूवालीला का मिळू नये?

त्याच जुलैत त्याच पाटणा उच्च न्यायालयात दारूचंही एक प्रकरण होतं. गोपालगंजच्या खजूरबानीत 2016 साली विषारी दारूने माणसं मेली होती. 2021 मध्ये 13 जणांना शिक्षा झाली, नऊ जणांना फाशी आणि चार बायकांना जन्मठेप. अपिलात तेराही जण सुटले. समजा त्यातला एखादा भीतीने पळून गेला असता आणि त्याचं अपील न वाचताच फेटाळलं असतं, तर पुरावा तोच असूनही बारा निर्दोष आणि एक फाशीचा कैदी!

दारूबंदीच्या केसमध्ये अपील जिवंत असण्याला किती किंमत असते, ते अमेरिकेत दिसलं. तिथे फरारी माणसाचं अपील ऐकायला नकार देण्याची रीत 1876 पासूनची. पुढे 5 डिसेंबर 1933 ला दारूबंदी उठली आणि 1934 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्या कायद्याखालचे जे खटले अजून अंतिम झाले नाहीत, ते पुढे चालणार नाहीत. अपिलात अडकलेल्यांनाही त्याचा फायदा मिळाला. ज्यांचा निकाल आधीच अंतिम झाला होता, त्यांची शिक्षा तशीच राहिली. आपल्या शेजारच्या चंद्रपुरातही 2015 ला लागलेली बंदी 2021 मध्ये उठली. इथला कायदा वेगळा आहे, बंदी उठली म्हणून जुन्या शिक्षा आपोआप पुसल्या जात नाहीत, हे मला माहीत आहे. पण उद्या काही दाद मागायची तर अपील जागेवर तरी असायला हवं ना!

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 356 मात्र मला रात्री झोपू देत नाही. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यातल्या घोषित फरारीचा, म्हणजे कोर्टाने फरार जाहीर केलेल्या आरोपीचा, खटला आता त्याच्या गैरहजेरीत चालू शकतो. शिक्षा झाली तर स्वतः हजर झाल्याशिवाय अपील नाही, आणि निकालाला तीन वर्षं उलटली की हजर होऊनही नाही.

माझी अशील एप्रिलमध्ये परत आली. मजुरीत मिळालेल्या मिरच्यांचं पोतं घरी टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. मी आदेश वाचून दाखवला. तिने विचारलं, "म्हणजे कागद वाचलेच नाही का जी, मॅडम?"

नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिव्हिजन, म्हणजे हा आदेश तपासून पाहण्याचा अर्ज, दाखल केली आहे. पंचांच्या साक्षी पहिल्या पानापासून जोडल्या आहेत.