काकांची पावलं

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची वाडी. तिथला धूपप्रतिबंधक बंधारा दुसऱ्याच पावसाळ्यात खचला आणि वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पैसे पाण्यात गेले, कोणीतरी खाल्ले. दुसऱ्याचं, आता याहून उंच बांधा. मी इथून, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून विचारलं, बंधारा घालायच्या आधी पुळण (वाळूचा किनारा) किती रुंद होती, कोणी मोजली होती का? काकांचं उत्तर आलं, "थंयसून बोलूक तुझा काय जाता?"

खरं आहे, माझं काही जात नाही. तरी लिहितो.

इथून सायकलने तासाभरावर टेर हाइडेचा किनारा आहे. 2011 मध्ये डचांनी तिथे 2.15 कोटी घनमीटर वाळू ओतली. 128 हेक्टरांचा, गळासारखा वाकडा ढीग. नाव 'सँड मोटर'. दर काही वर्षांनी थोडी थोडी वाळू घालत बसण्यापेक्षा एकदाच भरपूर घालायची आणि वारा, लाटा, प्रवाह ती किनाऱ्यावर कशी पसरवतात ते वीसेक वर्षं मोजत राहायचं. अंदाज चुकला तर कुठे चुकला, हे कळायला हवं ना!

एवढा ढीग आपल्याला परवडणारा नाही. मला हेवा वाटतो तो त्याला उघडपणे 'प्रयोग' म्हणता आलं याचा. (त्यांनाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. 1953 च्या पुरात 1,836 माणसं गेली.) आपल्याकडे 'आमच्यावर प्रयोग नको' म्हणतात. ज्याच्या पडवीला उधाणाचं पाणी लागतं त्याने तसं म्हणावंच. पण नारळ फोडून उद्घाटन झालेला बंधारा तरी दुसरं काय असतो? लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथून शेजाऱ्याची पुळण खायला लागते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. कुठल्याच कागदावर ते आलं नाही, त्यामुळे पुढच्या वाडीतही असाच दगड पडणार.

कोकणी माणसाला धीर नाही, हे मात्र मला पटत नाही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होऊन बिघडतो, म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलमशी संकर करून 1981 मध्ये 'रत्ना' आणला. तेवढ्यावर न थांबता रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि 1992 मध्ये पातळ कोयीचा 'सिंधू' आला. बाजार अजून हापूसच मागतो, ती गोष्ट वेगळी. नवीन खत आलं की बाबासुद्धा आधी दोन कलमांना घालून बघतात. बंधाऱ्याच्या वेळी मात्र सगळी बाग एकदम.

काकांनी रागारागात का होईना, समुद्राकडच्या शेवटच्या माडाला चुन्याचा पट्टा मारलाय. दर अमावास्येला पूर्ण ओहोटीला तिथपासून पाण्यापर्यंतची पावलं मोजून ग्रुपवर टाकतात. मार्गशीर्षात 58 होती, माघात 61. खाली एकच ओळ: "आता बोल."

म्हटलं, काका, आषाढ येऊ दे.